शिल्लक नको, नोंदी दाखवा : सिनेमातल्या 'डीप' चित्राची ओळख



आम्ही पवनारच्या बचत गटांच्या बाया. या कार्यक्रमात आम्ही एरवी हिशेब, कर्जफेड, मसाल्याचं पॅकिंग, आरोग्य तपासणी अशा गोष्टी सांगतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही आमच्या बैठकीतूनच आलेला आहे.

झालं असं, की आमच्या एका ताईनं मुलीच्या शिक्षणासाठी गटाकडे कर्जाचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'व्हीएफएक्स कंपॉझिटिंग कोर्स'. शिलाई मशीनसाठी, शेळ्यांसाठी, नर्सिंगच्या फीसाठी आम्ही कर्ज दिलेलं आहे. पण या कामाचं नावही आम्हाला धड वाचता येईना. ज्या कामासाठी पैसे द्यायचे, ते काम काय आहे हे कळल्याशिवाय सही कशी करायची? मग ठरलं, पुढच्या बैठकीत मुलीनंच येऊन समजावून सांगायचं. ती मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन आली. दोन बैठका तिनं आम्हाला शिकवलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो, कारण असा अर्ज उद्या तुमच्याही गटात येऊ शकतो.

व्हीएफएक्स म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स. कॅमेऱ्यासमोर जे नव्हतं ते पडद्यावर दाखवायचं. त्यातलं कंपॉझिटिंग म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र करून असं एक चित्र तयार करायचं, की सगळं एकाच जागी, एकाच वेळी टिपलंय असं वाटावं.

हे आपल्याकडे नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्या काळी हातानं फिरवायचे कॅमेरे होते. भिंगासमोर काळं पुठ्ठं धरून अर्धी चौकट झाकायची आणि हँडलचे फेरे मोजत चित्रण करायचं. मग फिल्म तितकेच फेरे मागे घ्यायची, दुसरी बाजू झाकायची आणि पुन्हा चित्रण करायचं. दोन वेळा घेतलेली चित्रं एकाच फिल्मवर येत. ते काळं पुठ्ठं म्हणजेच मास्क. मेहंदीचा किंवा रांगोळीचा साचा आपण वापरतो तसंच. साच्याला जिथे भोक, तिथेच रंग पडतो.

या कामात बाईचा हातही पहिल्यापासून होता. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं केली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला आणि सिनेमासाठी अंगावरचे दागिने दिले. मात्र पडद्यावर यायला तेव्हा कुणी बाई तयार नव्हती, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं. पुढे 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. प्रभातच्या 1936 मधल्या 'संत तुकाराम'मध्ये शेवटी गरुडावरून वैकुंठाला जातात तो प्रसंग आपल्या आयांनी हात जोडून पाहिला. तीही ट्रिकच होती.

आता आजच्या कामाकडे येऊ. हिवाळ्यात पहाटे वर्ध्याकडे जाताना धाम नदीच्या पुलावर धुकं असतं, ते तुम्ही पाहिलंय. जवळचे खडक स्पष्ट दिसतात, पात्रातली छत्री फिकट दिसते, पलीकडचा काठ तर दिसतच नाही. धुकं म्हणजे समोर टांगलेला पडदा नव्हे. ते आपल्यापासून पार पलीकडच्या काठापर्यंत भरलेलं असतं. छत्रीच्या अलीकडेही धुकं, पलीकडेही धुकं.

समजा कुणाला सिनेमात दाखवायचंय, की या धुक्यातून हत्तींचा कळप नदी पार करतोय. हत्ती संगणकावर एकानं तयार केले, धुकं दुसऱ्यानं, काठावरची झाडं तिसऱ्यानं. आता ती एकत्र करायची. जुनी पद्धत थरांची. मागे झाडं, त्यावर हत्ती, त्यावर धुकं. वरचा थर जितका आरपार, तितका खालचा दिसतो. हे वर-खाली ठेवण्याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी 1984 मध्ये नीट मांडलं आणि आजही तेच वापरात आहे.

पण हत्ती धुक्याच्या वर ठेवला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. खाली ठेवला तर सगळं धुकं त्याच्या पुढेच येतं. खरं तर तो धुक्याच्या मध्ये हवा. थोडं धुकं त्याच्या पुढे, थोडं मागे, आणि सोंडेच्या टोकापुढे शेपटीपेक्षा कमी धुकं.

यावर जुना उपाय असा, की धुकं तयार करतानाच त्यात हत्तीच्या आकाराची जागा कापून ठेवायची. हत्तीमागचं धुकं काढायचं, पुढचं ठेवायचं. याला 'होल्डआउट' म्हणतात. काम होतं, पण दिग्दर्शक म्हणाला, 'हत्ती दोन पावलं पुढे घ्या', की कापलेली जागा चुकते. मग धुकं पुन्हा पहिल्यापासून तयार करायचं. धुक्याच्या एकेका चौकटीला संगणकाला तासन् तास लागू शकतात आणि सिनेमात एका सेकंदाला 24 चौकटी असतात. आता करा हिशेब.

दुसरा उपाय, प्रत्येक ठिपक्याला त्याचं अंतर लिहून ठेवायचं. संगणकावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, त्याला पिक्सेल म्हणतात. पण एका ठिपक्याला एकच अंतर लिहिता येत असेल तर घोटाळा होतो. समजा एक ठिपका हत्तीच्या कानाच्या कडेवर आहे. त्यात अर्धा कान आहे, 20 फुटांवर. अर्धा पलीकडचा काठ आहे, 300 फुटांवर. सरासरी काढली तर 160 फूट येते. तिथे तर नुसतं पाणी वाहतंय! म्हणून हत्तीच्या कडेनं विचित्र रेघ उमटते. केस, पानं, गवत यांच्यात तर अशा कडाच कडा. आणि धुक्याला कोणतं एक अंतर लिहिणार?

इथे आमच्या गटातल्या एक आजी बोलल्या. त्यांना लिहिता येत नाही, पण कुणाचा हप्ता कधी आला हे तोंडपाठ. मुलगी सांगत होती, की डीप चित्रात एका ठिपक्यात एकच रंग नसतो, वाटेत जे जे लागतं ते सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. आजी म्हणाल्या, "म्हंजे नुसती शिल्लक नाई लिवली, सगळ्या नोंदी लिवल्या, असंच ना वं पोरी?"

अगदी तसंच, मैत्रिणींनो. आणि आम्हाला तिथेच विषय कळला.

आपलं पासबुक घ्या. शेवटी लिहिलंय, शिल्लक 4,300 रुपये. त्या आकड्यावरून कधी किती भरले, कधी उचल घेतली, दंड कधी लागला, काहीच सांगता येत नाही. साधं चित्र म्हणजे ही अखेरची शिल्लक. डीप चित्र म्हणजे पूर्ण पासबुक. प्रत्येक ठिपक्याचं एक पान. पानावर तारखेच्या जागी अंतर, आणि पुढे त्या अंतरावर काय आहे त्याचा रंग आणि ते किती आरपार आहे. धुक्यासारखं लांबवर पसरलेलं असेल तर 'इथून इथपर्यंत' अशी दोन अंतरं.

मग दोन डीप चित्रं एकत्र कशी करायची? एका ताईची दोन पासबुकं एका वहीत उतरवायची असतील तर आपण काय करतो? दोन्हीतल्या नोंदी घेतो, तारखेप्रमाणे लावतो आणि मग बेरीज करतो. इथेही हत्तीच्या नोंदी, धुक्याच्या नोंदी, झाडांच्या नोंदी एका पानावर आणायच्या, अंतराप्रमाणे लावायच्या आणि अगदी शेवटी जवळून लांब अशी बेरीज करायची. कोण वर, कोण खाली हे कुणी ठरवायचं नाही. अंतरच ठरवतं. हत्ती दोन पावलं पुढे आला तर त्याच्या नोंदी नव्या येतील. धुक्याची वही आहे तशीच राहील. पुन्हा काही तयार करायला नको. सगळा फायदा इथे आहे.

एक बारकावा मात्र आहे. समजा 20 फूट धुक्याची एकच नोंद आहे आणि हत्ती बरोबर मधे, 10 फुटांवर उभा आहे. मग ती नोंद फोडावी लागते. 20 फूट धुकं 75 टक्के प्रकाश अडवत असेल, तर अर्धं धुकं किती अडवेल? आम्ही सगळ्यांनी सांगितलं, साडेसदतीस. चूक! उत्तर 50 टक्के. पहिले 10 फूट अर्धा प्रकाश अडवतात. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा पुढचे 10 फूट अडवतात. एकूण अडले 50 आणि 25, म्हणजे 75. घटत्या शिलकीवर व्याज लावतो ना आपण? तसंच. प्रत्येक वेळी मूळ रकमेवर नाही, उरलेल्यावर.

आता मास्ककडे येऊ. डीप चित्रात झाकायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली साच्याची. चित्रावर आकार काढला, त्याच्या आतले ठिपके धरले. पण हा साचा पानावरच्या सगळ्या नोंदींना लागतो. हत्ती उजळ करायला गेलात तर पुढचं धुकं आणि मागचं झाडही उजळतं. दुसरी तऱ्हा अंतराची. '30 फुटांपासून 60 फुटांपर्यंतच्या नोंदी ठेवा, बाकी वगळा.' तिसरी वस्तूची. 'हत्तीच्या मागे येणाऱ्या धुक्याच्या नोंदी काटा, पुढच्या राहू द्या.' हे तेच होल्डआउट, पण आता धुकं पुन्हा न बनवता, वहीतूनच करता येतं. बहुतेक वेळा या तऱ्हा एकमेकींबरोबर वापरतात. साचा हत्तीच्या आकाराचा आणि अंतर फक्त हत्तीचं.

अर्ध्या मास्कमध्येही तीच गणिताची मेख आहे. एका ठिपक्यात धुक्याच्या दोन नोंदी आहेत, प्रत्येक 50 टक्के अडवणारी. मिळून 75. साहेब म्हणाले, इथलं धुकं निम्मं करा. निम्मं म्हणजे साडेसदतीस हवं. पण तुम्ही प्रत्येक नोंद निम्मी केली, 25 आणि 25, तर बेरीज पावणेचव्वेचाळीस येते. सांगितल्यापेक्षा धुकं जास्तच राहिलं. मास्क शेवटच्या बेरजेला लावलाय की आधीच्या नोंदींना, यानं उत्तर बदलतं. बटण कुणीही दाबेल. हा फरक ओळखते ती खरी कारागीर.

ही युक्ती फार जुनी नाही. सन 2000 मध्ये पिक्सार कंपनीच्या टॉम लोकोविच आणि एरिक वीच यांनी केस, धूर यांच्या सावल्यांसाठी अशा खोलीच्या नोंदी ठेवायची पद्धत मांडली. पुढे न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओनं 2009 च्या 'अवतार'मधल्या जंगलांसाठी डीप चित्रं वापरली. 2013 मध्ये ओपन-ईएक्सआर या फाइलच्या प्रकारात डीप नोंदींची सोय झाली, त्यामुळे वेगवेगळ्या स्टुडिओंना एकमेकांच्या वह्या वाचता येऊ लागल्या. 2014 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं पीटर हिलमन आणि त्यांच्याबरोबर इतर काही तंत्रज्ञांना या कामासाठी तांत्रिक पुरस्कार दिले.

याचे तोटेही आहेत. नोंदी जास्त, म्हणून फाइली फार जड. साधा लॅपटॉप मान टाकतो. दुसरं, डीप नोंदी संगणकावर घडवलेल्या चित्राच्याच मिळतात. साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या खऱ्या माणसाच्या मागेपुढे काय आहे ते कॅमेरा लिहीत नाही. मग त्या नटाची कड एकेका चौकटीत हातानं आखावी लागते. या कामाला 'रोटो' म्हणतात. कड आखून झाली, की त्या नटाला एक अंतर देऊन वहीत बसवतात.

हे रोटो आमच्या मुलीसाठी महत्त्वाचं आहे, कारण नवीन आलेल्यांना बहुधा तेच काम मिळतं. परदेशातल्या सिनेमांचं असं खूप काम भारतात होतं, मुंबईत तर फारच. मुंबईत 1997 मध्ये सुरू झालेली प्राइम फोकस ही कंपनी 2014 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हबरोबर एक झाली. त्यातूनच डीनेग झाली, जिला 'ड्यून'च्या कामासाठी 2022 मध्ये ऑस्कर मिळालं. म्हणजे काम खरं आहे आणि आपल्याच राज्यात आहे.

पण पासबुकाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ करणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीची मुंबईतही शाखा होती. फेब्रुवारी 2013 मध्ये त्या कंपनीनं दिवाळं जाहीर केलं आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. 2025 च्या सुरुवातीला टेक्निकलर ही मोठी कंपनी बंद पडली तेव्हा भारतातल्या हजारो मुलामुलींचं काम गेलं. शिवाय कड आखण्याचं काम आता संगणक स्वतःही करू लागलाय. म्हणून नुसतं रोटो शिकून भागणार नाही. नोंदी, अंतर, मास्क, बेरीज हे ज्याला समजतं त्याला पुढे जागा आहे.

मग आम्ही काय केलं? आम्ही संस्थेकडून आलेलं माहितीपत्रक बैठकीत वाचलं. त्यात एकच आकडा होता, एकूण फी. आजी म्हणाल्या, "ही बी शिल्लकच हाय. नोंदी माग." मग आम्ही प्रश्न लिहून काढले. तुम्हीही लिहून ठेवा. फीमध्ये शिकवणीचे किती, परीक्षेचे किती, कराचे किती, राहण्याचे किती? पावती प्रत्येक हप्त्याची मिळेल का? मधेच सोडावं लागलं तर किती पैसे परत? शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणत्या सिनेमावर काम केलंय? फक्त रोटो शिकवणार, की कंपॉझिटिंग आणि डीपही? मागच्या वर्षीच्या मुली आज कुठे, कोणत्या कामावर आहेत? त्यांच्यातल्या दोघींशी आम्हाला बोलता येईल का? 'नोकरीची शंभर टक्के हमी' असेल तर ती कागदावर लिहून द्याल का? रात्रपाळी असते का, आणि मुली राहतात कुठे?

आणखी एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. हे कर्ज गटाचंच का? बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतो. पण ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळतं, म्हणून आधी मान्यता तपासायची. गटाच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. आईच्या मजुरीतून दोन वर्षं तो भरला जाईल का?

शेवटी बैठकीत ठरलं ते असं. एकदम सगळी फी द्यायची नाही. आधी तीन महिने मुलीनं घरी शिकायचं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि स्टुडिओंमध्ये चालणाऱ्या न्यूकचीही शिकणाऱ्यांसाठी विनामूल्य आवृत्ती आहे. लॅपटॉपची जुनी मेमरी वाढवायला गटानं छोटं कर्ज दिलं. ते मंजूर करताना एकीचाही हात खाली नव्हता. तीन महिन्यांनी तिनं काय केलं ते बघायचं, प्रश्नांची उत्तरं आलेली असतील ती वाचायची आणि मग मोठ्या कर्जाचं ठरवायचं.

मुलगी थोडी हिरमुसली, खोटं कशाला सांगायचं. पण मागच्या बैठकीत तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. धामच्या पुलावरून मोबाइलनं काढलेला फोटो, त्यात तिनं घातलेलं धुकं. धुकं छत्रीच्या पुढे जरा कमी, मागे जास्त. छत्रीची कड तिनं हातानं आखली होती. एके ठिकाणी कड चुकली होती, ती तिनंच दाखवली. आजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हत्ती कवा येनार?"

इतिवृत्तात आम्ही लिहून ठेवलंय, पुढचा आढावा संक्रांतीनंतरच्या बैठकीत. तुमच्या गटात असा अर्ज आला असेल, तर तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला नक्की कळवा.